आधी पाहुणा, मग घरचा

१

लासीसीबाबाच्या स्टुडिओतल्या पडद्यावर एक विमान रंगवलेलं होतं. त्याला पंख एकच; दुसऱ्याच्या वेळेला रंग संपला. निम्म्या गावानं त्या विमानापुढं बसून फोटो काढून घेतले, पण दुसरा पंख कुठाय म्हणून एकानंही विचारलं नाही. फोटोत बाबा माणसाला असं देखणं करून सोडायचा, की विमानाकडं बघतंय कोण?

त्याचं खरं कसब मात्र जुळ्यांच्या फोटोत. आमच्याकडं जुळी पोरं घरोघरी. त्यातलं एखादं गेलं, तर ते मेलं असं तोंडातून काढायचं नाही. लेगॉसला, त्या लांबच्या मोठ्या शहराला, गेलंय म्हणायचं. आणि लेगॉसला गेलेल्याला विसरायचं तर मुळीच नाही. आपल्याला टाकलं असं त्याला वाटलं, की ते मागं राहिलेल्याला बोलावून घेतं. आमच्या आज्या गेलेल्या लेकराची लाकडी बाहुली करून घेत, तिला न्हाऊमाखू घालत, घास भरवत. लासीसीच्या काळात बाहुलीच्या जागी फोटो आला.

काढायचा कसा? मागं राहिलेल्या पोराला एका स्टुलावर बसवायचं, कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाकायचा आणि फोटो घ्यायचा. मग माळ किंवा टोपी बदलून त्याच पोराला शेजारच्या स्टुलावर बसवायचं, पुठ्ठा दुसऱ्या अर्ध्यावर सरकवायचा, पुन्हा घ्यायचा. छापून आलं की दोघं शेजारी शेजारी. मधे जोडाची रेघ तेवढी दिसे. इतरांच्या फोटोत ती सुतळीएवढी, लासीसीच्या फोटोत केसाएवढी.

त्याच्या उस्तादानं धंदा शिकवताना एकच ताकीद दिली होती, "आधी पाहुणा, मग घरचा." म्हणजे गेलेल्याचा फोटो आधी, जित्याचा नंतर. शेवटी जित्याला नावानं हाक मारून स्टुलावरून उतरवायचं, उजव्या हातात कागदात पिळलेली गोड गोळी द्यायची, मगच घरी धाडायचं. का, ते उस्तादानं सांगितलं नाही आणि लासीसीनं विचारलं नाही. "भाजीत मीठ का घालतेस, असं कुणी बाईला विचारतं का?" म्हणायचा, आणि कामाला लागायचा.

२

बाजाराच्या तोंडाशी आबेके चवळीची भजी तळायची. तिला नावानं हाक कुणीच मारत नसे. सगळ्यांची ती जुळ्यांची आई. जीभ अशी, की उधारी मागणारा भजी न घेताच पळावा. ताइवो आणि केहिंदे या तिच्या दोन मुली एका साच्यातून काढल्यासारख्या. ओळखायचं ते गळ्यातल्या मण्यांवरून, ताइवोचे लाल आणि केहिंदेचे निळे. आणि ताइवो डावखुरी. डाव्या हातानं काही घेतलं की आबेके तिला चापटी मारायची, "माणसांत राहायचंय ना तुला?"

चार वर्षांची असताना ताइवो गोवरानं लेगॉसला गेली.

आबेकेची चूल थंड पडली. बाई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. शेजारणी केहिंदेला जेवू घालून जायच्या. कुणीतरी कशीबशी उठवून तिला लासीसीकडं आणलं, फोटो निघाला. तो तिनं हातात घेतला. मग कमरेला गुंडाळलेल्या कापडाचं टोक ओलं करून तिनं फोटोतल्या ताइवोचं नाक पुसलं. म्हणाली, "शेंबडी कार्टी! फोटोला बसताना तरी नाक पुसावं."

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. लासीसीनं लांबूनच धूर पाहिला आणि त्या दिवशी त्यानं आपल्या कॅमेऱ्याला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. कागदाच्या एका तुकड्यानं बाई उठली, घर उठलं. याहून मोठं काम कुठला फोटोवाला करतो?

तेव्हापासून दरवर्षी ती यायची. केहिंदे वाढतेय, मग ताइवोही वाढायला नको का? घरी फोटोपुढं ती रोज घाण्यातलं पहिलं भजं ठेवायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची; कोण भांडलं, कोण लग्नाचं झालं, केहिंदे शाळेत काय शिकली.

३

जुळ्या आठ वर्षांच्या झाल्या त्या वर्षी धुळीचा वारा लवकर सुटला. आभाळ पिठासारखं झालं. उजेड कधी असे, कधी नसे. आबेके केहिंदेला घेऊन आली, स्टुलावर बसवली, आणि पिशवीत हात घालून ओरडली, "अगं आई गं! लाल मणी घरीच राहिले!"

"मग आण जा. पळ," लासीसी म्हणाला.

ती पळाली. तेवढ्यात दारातनं ऊन आलं. स्वच्छ, मऊ, फोटोवाल्यानं नवस बोलावा असं ऊन. पोरगी निळ्या मण्यांत समोर बसलेली, खुदकन हसणारी. लासीसीला राहवेना. म्हटलं, हिचा घेऊन टाकू, तिचा मागनं घेऊ. असा काय फरक पडतो? त्यानं पुठ्ठा सरकवला आणि घेतला.

आबेके धापा टाकत आली, मणी बदलले, दुसरा फोटो झाला. पाहुणी शेवटी बसली. त्याच वेळी दारात नवरीकडची वरात येऊन थडकली. ढोल, बायका, गलका. नवरीच्या आत्याला खुर्ची हवी, नवरीला आरसा हवा. त्या धांदलीत लासीसी पोरीला नावानं हाक मारायची विसरला. पोरगी आपली आपण स्टुलावरून उतरली, बरणीपाशी आली आणि तिनं गोळीसाठी हात पुढं केला.

डावा.

"अगं अगं, डावा हात? मोठ्या माणसापुढं?" लासीसी हसत दटावून गेला. पोरीनं नुसतं वर बघितलं, पण हात बदलला नाही. दारात आबेके उभी होती. तिची जीभ कधी गप्प बसली नव्हती, ती त्या घटकेला बसली. मग तिनं पोरीचा तोच हात धरला, घट्ट, आणि वरातीतून वाट काढत निघून गेली. पोरीच्या गळ्यात लाल मणी तसेच होते.

४

अंधाऱ्या खोलीत लासीसीनं काच धुतली, फोटो छापला, वाळवला. मग भिंग घेऊन जोडाची रेघ बघायला बसला. दरवेळी बघायचा, तो त्याचा अभिमानच होता.

रेघ सापडेना.

खालच्या चटईचे पट्टे या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग गेलेले. आपला हात इतका बसला म्हणून त्याला आधी आनंदच झाला. मग भिंग थोडं वर सरकलं. निळ्या मण्यांच्या केहिंदेनं हात लांब करून शेजारणीच्या फ्रॉकची कड मुठीत धरली होती.

लासीसीनं भिंग खाली ठेवलं. अक्कल चालवू लागला. तिचा फोटो आधी घेतला, तेव्हा शेजारचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकलेला. तिथं हात उमटणार कसा? पुठ्ठा हलला असेल. बरं, हलला. पण तेव्हा शेजारच्या स्टुलावर कुणी बसलेलंच नव्हतं; मग मुठीत आलेला फ्रॉक कुणाचा? सावली असेल. धूळ असेल. वय झालं, डोळे फसवतात. त्यानं पुन्हा बघितलं. मुठीत कापडाच्या चुण्यासुद्धा आल्या होत्या. आणि ती हसत नव्हती. ऊन आलं तेव्हा ती हसत होती, हे त्याला पक्कं आठवत होतं.

आबेके फोटो न्यायला आली. बघितला. तिचा अंगठा त्या मुठीवर जाऊन थांबला.

"काही चुकलंय का गं?" लासीसीनं विचारलं.

"छान आलाय," ती म्हणाली. "या खेपेला दोघी आल्यात."

५

त्या वर्षी बाजारात पोरगी आईशेजारी बसून डाव्या हातानं झारा चालवायची. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "जुळ्यांच्या आई, लेकीला वळण लाव की!" पूर्वीची आबेके असती तर चापटी ठरलेली. आता म्हणायची, "तळलेल्या भज्याला कळतं का कुठल्या हातानं तळलं? खायचं तर खा, नाहीतर चालू लाग." आणि लेकीकडं अशी बघायची, जसं कुणी फार दिवसांनी घरी आलंय. गाणी म्हणायची. अंगानं भरली. लासीसी लांबून बघायचा. त्याला बरं वाटायचं, पण जवळ जायचं तो टाळायचा.

पोरगी शाळेत मागं पडली. अक्षरं विसरली म्हणे. पोरं विसरतात, लासीसीनं मनाला समजावलं. एकदा ती स्टुडिओच्या दारात आली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, "हलू नका". केहिंदे सहा वर्षांची असल्यापासून ती घडाघडा वाचायची.

"काय लिहिलंय, वाच बघू," लासीसी म्हणाला.

पोरीनं पाटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. म्हणाली, "टोपीबाबा, गोळी दे ना."

टोपीबाबा! हे नाव त्याला एकाच पोरीनं ठेवलं होतं. दोघी तीन वर्षांच्या असताना पहिल्या फोटोला आल्या होत्या, तेव्हा. केहिंदे नेहमी लासीसीबाबाच म्हणायची. आईकडनं ऐकलं असेल, असं तो दिवसभर स्वतःला सांगत राहिला.

मग एका संध्याकाळी भजी घ्यायच्या निमित्तानं तो आबेकेच्या घरी गेला. ती आतल्या खोलीत होती, पाठमोरी. फोटोपुढं पहिलं भजं ठेवत होती. पोरगी बाहेर अंगणात कोंबड्यांमागं पळत होती, तिचं खिदळणं ऐकू येत होतं.

"खा गं, केहिंदे," आबेके फोटोला म्हणाली. "आणि रागावू नको माझ्यावर."

लासीसी भजी न घेताच परतला.

६

धुळीचा वारा पुन्हा सुटला तशी आबेके आली. या वेळी ती काही विसरली नव्हती. एका मुठीत लाल मणी, एका मुठीत निळे.

"आधी लाल," ती म्हणाली. "निळे शेवटी. आणि हाक मारायला विसरू नका."

"म्हणजे आधी पाहुणी, मग घरची. नेहमीसारखंच की," लासीसी म्हणाला. म्हणाला खरा, पण तिच्याकडं बघेना.

"लासीसीबाबा, एवढे भोळे तुम्ही नाही."

लासीसी बाकावर टेकला. "कधी कळलं तुला?"

"तिनं डावा हात पुढं केला तेव्हाच. आईला कळायला काय वर्ष लागतं?"

"आणि गप्प बसलीस?"

"मग काय करू? चार वर्षं जिच्या फोटोचं नाक पुसलं, ती पोर हात धरून उभी राहिली. म्हणू तिला, जा परत?" आबेकेनं मुठीतले लाल मणी चाचपले. "पण रोज संध्याकाळी भिंतीवरनं दुसरी बघते. बोलत नाही काही. मोठी ना ती! आपल्यात मागनं जन्मते तीच मोठी; जन्माला येतानासुद्धा तिनंच धाकटीला पुढं धाडलं, जग कसंय बघून ये म्हणून. शहाणं लेकरू आहे, म्हणून त्यालाच तिकडं बसवून ठेवू?"

"अगं, माझ्या हातनं चूक झाली. असल्या गोष्टीत पुन्हा हात घालायचा म्हणजे..."

"चूक तुमची होती. आता काम माझं आहे. एक वर्ष ही, एक वर्ष ती. मला दोन मुली आहेत. एकीचीच आई होऊन कशी बसू?"

लासीसीनं आयुष्यात पुष्कळ मातब्बर माणसं कॅमेऱ्यापुढं बसवली होती, राजाच्या दरबारातली, पागोट्यांची, छत्र्यांची. त्यांच्यापैकी एकाचीही मान त्या भजीवालीइतकी ताठ नव्हती. त्यानं उठून पुठ्ठा हातात घेतला.

पोरगी स्टुलावर बसली. सगळं तिला कळत होतं. "आई, मला नको फोटो."

आबेके तिच्यापुढं गुडघ्यावर बसली, तिच्या गळ्यात लाल मणी नीट केले. "पुढच्या वर्षी बोलावते ना. चुलीपाशी तुझा पाट तसाच राहील."

"विसरशील तू."

"मागं विसरले होते का? चार वर्षांत भजं चुकलं का एकदा तरी?"

पोरीनं विचार केला. "एकदा करपलेलं होतं," ती म्हणाली.

लासीसीच्या हातातली काच निसटता निसटता राहिली. आबेके मात्र हसली. डोळे भरलेले, तरी हसली. "करपलेलं होतं खरं. शेजारीण बोलण्यात गुंतवत होती. आता करपू द्यायची नाही." मग तिनं लेकीचा डावा हात धरला, तळव्याची पापी घेतली आणि बाजूला झाली. म्हणाली, "घ्या, लासीसीबाबा. वेळ लावू नका."

त्यानं घेतला.

आबेकेनं मणी बदलले. पोरगी एकदम गप्प झाली होती. झोपेतल्या लेकराला उचलून ठेवावं, तशी तिनं तिला शेजारच्या स्टुलावर ठेवली. लासीसीनं काळ्या कापडात डोकं घातलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. सगळी हयात त्याची असं उलटं बघण्यात गेली होती. निळ्या मण्यांची पोर बसलेली दिसली. आणि पहिल्या स्टुलावर, जे रिकामं असायला हवं होतं, तिथं दोन छोटे पाय. हलके हलके हलत होते.

त्यानं कापडातून डोकं काढलं. स्टूल रिकामं. समोर भिंतीवर पाटी, "हलू नका". त्यानं पुन्हा डोकं आत घातलं. आता पाय हलत नव्हते. दोन्ही स्टुलांच्या मधे, अगदी जोडाची रेघ यायची त्या जागी, दोन हात एकमेकांत अडकलेले होते. मग एक सुटला.

लासीसीनं फोटो घेतला. कापडातून बाहेर येऊन तो स्टुलापुढं उभा राहिला. एवढं सोपं नाव, पण जिभेवर यायला त्याला मोठा जोर लावावा लागला.

"केहिंदे! उतर बाळ. घरी जा."

पोरीनं डोळे मिचकावले. इकडंतिकडं बघितलं. भिंतीकडं बघून सावकाश म्हणाली, "हलू... नका." मग धावत जाऊन आईला बिलगली. आबेकेनं तिला कुशीत घेतलं, आणि ताइवो गेली तेव्हासुद्धा गावात कुणाला दिसली नव्हती, अशी ती ओक्साबोक्शी रडली. एकीसाठी सुखानं, एकीसाठी दुःखानं. दोन्हींचं पाणी एकच.

लासीसीनं बरणी पुढं धरली. पोरीनं उजव्या हातानं गोळी घेतली. तोंडात टाकली नाही.

"आणि तिला?" तिनं विचारलं.

"कुणाला गं?"

"ताइवोला. मला वाटेत भेटली. रडत होती. म्हणाली, टोपीबाबानं मला गोळी दिलीच नाही."

७

मायलेकी गेल्यावर लासीसीनं त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. पडदा सोडला, कॅमेऱ्यावर कापड घातलं. जाता जाता बरणीतनं एक गोळी काढून पहिल्या स्टुलावर ठेवली. आपल्याच म्हातारचळाला हसला आणि बाहेरून कुलूप लावलं.

सकाळी दार उघडलं. स्टुलावर नुसता कागद होता. मुंग्यांनी नेली असेल गोळी, त्यानं स्वतःला सांगितलं. उंदीर असेल. कागद हातात घेतला. तो कुरतडलेला नव्हता. नीट उलगडून, गोळीचा पीळ सोडवून, मांडीवर ठेवून सपाट केला असावा तसा होता.

लासीसीनं तो कागद जपून खिशात ठेवला. बाजारातून भज्यांचा वास येत होता, आबेकेची चूल पेटली होती. मग त्यानं बरणी उघडली, आणि आणखी एक गोळी स्टुलाच्या डाव्या कडेला ठेवली, तिच्या हाताला येईल अशी.